गल्लीतले दिवे बंद, तक्रार मात्र ‘पूर्ण’

‘ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही पुण्यातल्या एका उपनगरात राहतो. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की दोनेकशे मीटरची गल्ली आहे आणि तिच्या टोकाला आमची इमारत. पावसाळा सुरू झाला तेव्हापासून गल्लीतले मधले काही दिवे बंद आहेत. मुलगी अकरावीला आहे, क्लासहून यायला तिला साडेआठ होतात. गल्लीच्या तोंडाशी आली की ती फोन करते आणि मी खाली जाऊन उभी राहते. सासूबाई रोज संध्याकाळी देवळात जायच्या. मध्यंतरी त्या ड्रेनेजच्या झाकणाला अडखळल्या. पडल्या नाहीत, पण तेव्हापासून जाणंच सोडलंय.

मी मोबाइलवरून तक्रार केली. “आमच्या गल्लीत लाइट नाही, लवकर काहीतरी करा,” असं लिहिलं. काही दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं. खाली जाऊन बघते तर अंधार तसाच. मग एका ठिकाणी फोन केला, तर म्हणे हे आमच्याकडे नाही, दुसरीकडे करा. दुसरीकडे केला, तिथेही तेच उत्तर. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, नगरसेवकाच्या कानावर घालू, तुम्ही कशाला त्रास घेता. आमचे हे म्हणतात, वर्गणी काढू आणि त्या खांबावर आपलाच दिवा लावून टाकू. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाकी कुणाला नाही दिसत गं, तुलाच बरं सगळं दिसतं.” ते फार लागलं. मी उगाच मागे लागलेय का? आणि लागायचंच तर नेमकं कुणाच्या आणि कसं?’

– एक वाचक, पुणे

*

तुम्ही गल्लीचं नाव कळवलं आहे, ते इथे छापत नाही. काकूंच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसतंय.

तुम्ही उगाच मागे लागलेल्या नाही. रस्त्यावरचा दिवा बंद आहे हे संध्याकाळनंतर तिथून चालत जाणाऱ्यालाच कळतं. दुरुस्तीची माणसं बहुतेक कामं दिवसा करतात, आणि दिवसा धडधाकट दिवा आणि बिघडलेला दिवा दोन्ही विझलेलेच असतात. हल्ली काही ठिकाणी दिव्यांच्या पॅनलवर, म्हणजे दिव्यांच्या ओळीला वीज देणाऱ्या पेटीवर, दूरून लक्ष ठेवायची सोय असते, पण आख्ख्या ओळीतला एखादा दिवा गेला तर तो त्यात पकडला जाईलच असं नाही. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या अंधाराची खबर कार्यालयाला द्यायची तर ती तुमच्यासारख्या कुणीतरीच द्यायला हवी. काकूंना दिसत नाही याचं कारण त्या दिवेलागणीनंतर बाहेर पडत नसतील, किंवा पडत असतील आणि त्यांना सवय झाली असेल. तुम्ही सवय होऊ दिली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि हे कुणाकडे काही मागणं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधल्या कलम ६३ मध्ये महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं सांगितली आहेत. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे त्यातलं एक. पाणी, कचरा, सांडपाणी यांच्या जोडीने हे काम येतं. तेव्हा फोनवर बोलताना ‘जरा बघता का, प्लीज’ असा अजिजीचा सूर लावायची गरज नाही. चिडायचीही नाही. पलीकडे फोन घेणाऱ्या मुलीने तुमचा दिवा विझवलेला नाही. ती जे टंकित करेल तेच पुढे वायरमनच्या हातात जाणार आहे, म्हणून तिला नीट सांगायचं.

आता तुमच्या तक्रारीकडे येते. ‘आमच्या गल्लीत लाइट नाही’ हे वाक्य तुम्हाला पुरेसं वाटलं, कारण गल्ली तुमच्या डोळ्यांसमोर आहे. वाचणाऱ्याला त्यातून घरातली वीज गेली असंही वाटू शकतं. मग तो तुम्हाला महावितरणचा रस्ता दाखवतो, महावितरणवाले म्हणतात की घरात वीज आहे ना, मग आमचा काय संबंध, आणि तुमची फेरी सुरू होते. तुमच्या बाबतीत असंच झालं असावं असा माझा अंदाज आहे. ‘रस्त्यावरचे दिवे’ किंवा सरळ ‘स्ट्रीट लाइट’ असा शब्द पहिल्या वाक्यातच आला पाहिजे. दुसरं, गल्लीत दिवे किती आणि बंद कोणते, हे त्यात नाही. वायरमन दुपारी येतो, त्याला आठ-दहा खांब दिसतात, त्यातला रोगी कोण हे कळायला मार्ग नाही. फारतर पॅनल उघडून तो वीज येतेय का बघतो, येत असते, आणि तक्रार ‘पूर्ण’ म्हणून बंद होते. आळस असतो, नाही असं नाही. पण तक्रारच अशी लिहायची की आळसाला जागा राहू नये.

त्यासाठी एक संध्याकाळ काढा. दिवे लागल्यावर साधारण अर्ध्या तासाने गल्लीच्या तोंडापासून तुमच्या गेटपर्यंत सावकाश चाला. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आतबाहेर सूर्य मावळतो आणि जूनअखेर सव्वासातच्या सुमाराला, तेव्हा वेळ ऋतूप्रमाणे ठरवा. मुलीला बरोबर घ्या. रोज त्या वेळी त्या रस्त्याने तीच येते, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. खांब मोजत जा आणि कागदावर नुसते आकडे लिहा: पहिला चालू, दुसरा चालू, तिसरा बंद, असे. खांबावर रंगवलेला नंबर दिसला तर तो लिहा. नंबर पुसला गेला असेल किंवा त्यावर ट्यूशनची आणि पॅकर्स-मूव्हर्सची जाहिरात चिकटवलेली असेल, तर त्या खांबासमोर काय आहे ते लिहा: अमुक इमारतीचं गेट, पिठाची गिरणी, इस्त्रीवाल्याची टपरी. पुण्यात पत्ता असाच सांगतात आणि वायरमनलाही असाच कळतो.

हे मोजणं इतकं आवर्जून सांगतेय, कारण कोणते दिवे बंद आहेत यावरूनच बिघाड कुठे असेल याचा सुगावा लागतो. एखादाच दिवा बंद असेल तर दोष बहुधा त्या दिव्याच्या फिटिंगमध्ये असतो. एलईडी दिव्यात ‘ड्रायव्हर’ नावाचा एक भाग असतो, दिव्याला लागेल तसा वीजपुरवठा तो करतो. विजेच्या चढउताराने किंवा आत पाणी शिरल्याने तो जातो आणि दिवा बंद पडतो. कधी पूर्ण जाण्याआधी दिवा लुकलुकायला लागतो. लुकलुकणाऱ्या दिव्याचीही तक्रार करा, तो पुरता विझायची वाट बघू नका.

दर तिसरा दिवा बंद असेल तर गोष्ट वेगळी. रस्त्यावरच्या दिव्यांना वीज बहुतेक वेळा तीन फेजमध्ये वाटून दिलेली असते. पहिला खांब एका फेजवर, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, आणि चौथा पुन्हा पहिल्यावर. एक फेज गेला तरी रस्ता पूर्ण काळोखात जाऊ नये म्हणून ही रचना. तेव्हा तुमच्या कागदावर तिसरा, सहावा, नववा असे बंद निघाले, तर एकेक दिवा बदलून काहीच होणार नाही. फ्यूज उडाला असेल किंवा त्या फेजची तार कुठेतरी तुटली असेल. हे तुम्ही तक्रारीत लिहिलंत, ‘दर तिसरा दिवा बंद आहे’ एवढं एकच वाक्य, तर जाणकार माणूस शिडी घेऊन येण्याआधी पॅनल उघडेल.

एका ठिकाणापासून पुढचे सगळे बंद असतील तर जमिनीखालची केबल तुटलेली असू शकते. अशा वेळी आठवून बघा, त्या सुमाराला रस्ता खोदला होता का? पाण्याच्या लाइनसाठी, गॅससाठी, इंटरनेटच्या केबलसाठी, कशासाठीही. तुम्ही ‘पावसाळा सुरू झाल्यापासून’ असं लिहिलं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर खोदकाम झालं असेल, चर घाईने बुजवला असेल आणि पाऊस पडल्यावर जखमी केबलमध्ये पाणी गेलं असेल, तर ते अगदी जुळतं. खोदल्याची जागा आणि अंदाजे दिवस तक्रारीत लिहा. केबलचं काम वेळखाऊ असतं, दिव्यासारखं अर्ध्या तासात होत नाही, हेही मनाशी धरून ठेवा.

गल्लीतले सगळेच दिवे एकदम गेले तर मुख्य पुरवठा किंवा दिवे लावणारा-विझवणारा टायमर बघावा लागतो. टायमर बिघडला की उलटंही होतं, भर दुपारी दिवे जळत राहतात. तीही तक्रार करायचीच. ती वीज आपल्याच कराच्या पैशांची आहे.

मग तक्रार अशी लिहा: ‘अमुक रस्त्यावरून आत येणाऱ्या अमुक गल्लीत स्ट्रीट लाइटचे एकूण नऊ खांब आहेत. मुख्य रस्त्याकडून मोजल्यास तिसरा, चौथा आणि सहावा दिवा बंद आहे. तिसरा खांब पिठाच्या गिरणीसमोर, सहावा अमुक सोसायटीच्या गेटशेजारी. जूनपासून बंद. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौथ्या खांबापाशी रस्ता खोदला होता. संध्याकाळी साडेसातला पाहणी केली आहे.’ आकडे आणि खुणा तुमच्या टाका. खाली तुमचं नाव आणि फोन नंबर. सोबत दोन फोटो: एक रात्रीचा, बंद दिवा आणि त्याच्या शेजारचा चालू दिवा एकाच चौकटीत येईल असा, आणि एक दिवसाचा, त्यात खांब आणि आजूबाजूची खूण स्पष्ट दिसेल असा. नुसत्या रात्रीच्या काळ्या फोटोवरून कुणालाच काही कळत नाही. मोबाइलवर लोकेशन टाकायची सोय असेल तर घरात बसून टाकू नका, त्या खांबाखाली उभं राहून टाका. घरातून टाकलं की खूण तुमच्या इमारतीवर पडते आणि माणूस तुमच्या गेटवरचा दिवा बघून परत जातो.

तक्रार कुठे? पुणे महापालिकेच्या हद्दीतल्या सार्वजनिक रस्त्यावरचे दिवे पालिकेचा विद्युत विभाग बघतो. महावितरण वीज पुरवतं, दिव्याची देखभाल त्यांच्याकडे नाही. पालिकेची ‘पीएमसी केअर’ ही तक्रारीची सोय मोबाइलवर आणि संकेतस्थळावर आहे, आणि टोल-फ्री क्रमांक आहे १८०० १०३० २२२. फोनवर तक्रार दिलीत तर तक्रार क्रमांक विचारून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो नसेल तर तुम्ही बोललात याला पुरावा नाही. क्रमांक, तारीख आणि काय सांगितलं, हे एका वहीत लिहून ठेवा.

तुमच्या बाबतीत मात्र एकदा तक्रार बंद झालेली आहे, म्हणून मी तुम्हाला सरळ क्षेत्रीय कार्यालयात जायला सांगेन. तुमचा भाग ज्या क्षेत्रीय कार्यालयाखाली येतो तिथे विद्युत विभागाचा कनिष्ठ अभियंता असतो, आणि तुमच्या गल्लीचं काम त्याच्या हाताखालून जातं. साध्या कागदावर अर्ज लिहा, वर सांगितलेलाच मजकूर, आणि त्यात हे वाक्य घाला: ‘याच दिव्यांबाबत अमुक क्रमांकाची तक्रार अमुक तारखेला निराकरण झाले म्हणून बंद करण्यात आली. प्रत्यक्षात दिवे आजही बंद आहेत. सोबत अमुक तारखेचा रात्रीचा फोटो जोडला आहे.’ अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. तो शिक्का घेताना संकोच करू नका, रोज शेकडो लोक घेतात. मग अभियंता जागेवर असतील तर त्यांना भेटा आणि कागदावरची खांबांची यादी दाखवा. माझा अनुभव असा आहे की समोर बसून यादी दाखवणाऱ्या माणसाचं काम पुष्कळदा लवकर होतं. कुणी घाबरतं म्हणून होत नाही. नेमकं काय करायचं हे कळलेलं काम उरकून टाकणं सोपं असतं, म्हणून होतं.

शक्य असेल तर अर्जावर गल्लीतल्या आणखी चार-सहा घरांच्या सह्या घ्या. काकूंचीही मागा. मला वाटतं त्या देतील. टोमणा मारणारी माणसं सहीला नाही म्हणतातच असं नाही.

अर्ज देऊन आठ-पंधरा दिवसांत काही हललं नाही, तर त्याच कार्यालयातल्या महापालिका सहायक आयुक्तांच्या नावे दुसरा अर्ज करा, पहिल्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडून. क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला समितीच्या बैठका होतात, त्यात असे विषय मांडता येतात आणि संबंधित अधिकारी समोर असतात. बैठक कधी आहे ते कार्यालयात विचारा. एकट्याने जायचं नसेल तर चेअरमनना बरोबर न्या, त्यांनाही काम मिळेल.

तरीही काहीच होत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, २००५ चा कायदा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, असा नियम आहे. ‘दिवे का दुरुस्त केले नाहीत’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा: अमुक क्रमांकाची तक्रार बंद करताना जोडलेला कामाचा अहवाल, काम केल्याची तारीख, कोणत्या खांबावर काय काम झालं त्याची नोंद. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास त्यानंतरच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. तीन दिव्यांसाठी इतकं लागू नये असंच मलाही वाटतं. पण काम न करता ‘पूर्ण’ लिहिलं गेलं असेल, तर ते कागदावर उघडं पडलेलं बरं. तुमच्या गल्लीत जे घडलं ते इतर गल्ल्यांतही घडत असणार.

आता नगरसेवकाचं. चेअरमन म्हणतात त्यात वावगं काही नाही, पण बिघडलेला दिवा ही दुरुस्ती आहे, तिला कुणाच्या शब्दाची गरज पडू नये. मार्च २०२२ मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळातही दिवे बिघडत होते आणि लोक तक्रारी करतच होते. नगरसेवकाकडे न्यायची गोष्ट वेगळी: दोन खांबांमधलं अंतर फार आहे, वळणावर खांबच नाही, नवा खांब हवा. त्याला पैसे मंजूर व्हावे लागतात. त्यासाठी आणखी एक वाट आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. पालिका त्याचे अर्ज मागवते तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात ते मिळतात. तुमच्या गल्लीच्या वळणावर अंधार राहत असेल तर तिथे एका खांबाची मागणी जरूर टाका.

पत्र वाचून इतरही लिहितील म्हणून हद्दीबद्दल थोडक्यात सांगते. पिंपरी-चिंचवडमध्ये असाल तर तिथल्या पालिकेची ‘सारथी’ हेल्पलाइन आहे, ८८८८००६६६६. पुणे आणि खडकी छावणीच्या भागात त्या त्या छावणी परिषदेकडे जावं लागतं. बाह्यवळणासारख्या राष्ट्रीय महामार्गावरच्या दिव्यांसाठी १०३३. पालिकेत २०१७ ला अकरा आणि २०२१ ला तेवीस गावं आली. अशा गावांत काही ठिकाणी दिवा महावितरणच्या विजेच्या खांबावर असतो. खांब त्यांचा असला तरी दिव्याची तक्रार पालिकेकडेच करायची, फक्त ‘दिवा महावितरणच्या खांबावर आहे’ हे लिहायचं. (फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं २०२४ मध्ये पालिकेतून बाहेर पडून तिथे स्वतंत्र नगरपरिषद झाली, तेव्हा तिथल्यांनी आपल्या नगरपरिषदेकडे जावं.) आणि सोसायटीच्या कंपाउंडमधले, किंवा पालिकेच्या ताब्यात न दिलेल्या खासगी रस्त्यावरचे दिवे हे त्या सोसायटीचं किंवा बिल्डरचं काम. तुमची गल्ली सार्वजनिक आहे का, याची खात्री अर्ज देताना तिथेच करून घ्या.

एक गोष्ट मी फार गांभीर्याने सांगतेय. पावसाळा आहे. खांबाच्या पायथ्याशी एक छोटी झडप असते, तिच्यामागे जोडण्या असतात. पुष्कळ खांबांवर ती झडप तुटलेली किंवा चोरीला गेलेली असते आणि आतल्या वायरी उघड्या पडलेल्या असतात. तुमच्या गल्लीत चालताना तेही बघा. अशी झडप दिसली, खांबावरून तार लोंबत असली, किंवा खांबाला हात लागल्यावर कुणाला झिणझिण्या आल्या, तर ती बंद दिव्याची साधी तक्रार उरत नाही. त्याच क्षणी फोन करायचा, ‘खांबात करंट उतरलाय’ या शब्दांत: पालिकेच्या टोल-फ्री क्रमांकावर, महावितरणच्या १९१२ वर, आणि तार तुटून रस्त्यावर पडली असेल तर अग्निशमन दलाच्या १०१ वरही. तोवर मुलांना आणि कुत्र्यामांजरांना तिथे फिरकू देऊ नका, साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. कुणी चिकटलं तर हाताने ओढायचं नाही. पुरवठा बंद होईपर्यंत थांबणं अशक्यच असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी दांड्याने माणसाला दूर सारायचं. खांबाला ओल्या कपड्यांच्या दोऱ्या, दहीहंडीचे दोर, गणपतीच्या माळा बांधणंही टाळा. आपल्याकडे खांब म्हणजे सगळ्या गल्लीची खुंटी झालेला असतो.

खांब ठीक, दिवाही लागलेला, पण उजेड पानांत अडकतोय, असं असेल तर फांदी छाटण्यासाठी उद्यान विभागाकडे अर्ज करा. स्वतः कोयता घेऊन चढू नका. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, परवानगीशिवाय छाटणी केली तर तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. आणि त्या फांद्यांतूनच तारा गेलेल्या असतात.

मुलीबद्दल एक सांगते. तुम्ही तिच्यासाठी खाली जाऊन उभ्या राहता ते योग्यच आहे, दिवे लागेपर्यंत तसंच करा. पण घरात कुणी म्हणालं की तिचा क्लास बदलू, लवकरची बॅच घेऊ, तर ऐकू नका. खांबांमधलं अंतर साधारण पंचवीस-तीस मीटर असतं, मधला एक दिवा गेला की पन्नास-साठ मीटर अंधार पडतो. तेवढ्या अंधारासाठी मुलीने आपलं शिकणं आणि सासूबाईंनी आपलं देऊळ सोडायचं, हे मला मुळीच मान्य नाही. सासूबाईंना सध्या एक चांगली टॉर्च घेऊन द्या. त्या अडखळल्या ते ड्रेनेजचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा वर-खाली असेल तर त्याची स्वतंत्र तक्रार द्या. ते पथ किंवा मलनिस्सारण विभागाचं काम आहे, दिव्याच्या अर्जात घातलंत तर दोन्ही अडकतील.

राहता राहिली वर्गणीची कल्पना. यजमानांना सांगा, खांबावर काहीही लावायचं नाही. तो पालिकेच्या मालकीचा आहे, त्यातून वीज घेणं बेकायदा आहे, आणि ज्या खांबात आधीच बिघाड आहे त्यावर अनोळखी इलेक्ट्रिशियनला चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांना काही करायचंच असेल तर सोसायटीच्या गेटवर, स्वतःच्या मीटरवरून एक दिवा लावा. कंपाउंडच्या आत, पावसाचं पाणी लागणार नाही असा. गल्लीतल्या आणखी दोन इमारतींनी असे दिवे लावले तर मधला अंधाराचा पट्टा बराच कमी होईल. फक्त त्याचा झोत खाली, रस्त्याकडे वळवा, समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत जाता कामा नये. आणि पालिकेचे दिवे लागल्याची वहीत नोंद होईपर्यंत अर्जाचा पाठपुरावा चालू ठेवा. गेटवर उजेड पडला म्हणून तो सोडू नका.